एक ते सात

त्या दिवशी पालकसभेत विशेष काही व्हायचंच नव्हतं. युनिट टेस्टच्या तारखा, व्हॅनवाल्या काकांसाठी नवे नियम, डब्यात चिप्स देऊ नका, एवढं ऐकलं की सही करून सुटायचं असा हिशोब करून सगळे आलेले. मी हाफ डे टाकला होता, आजूबाजूच्या बऱ्याचशा आयाही तशाच धावतपळत आल्या होत्या, दोघी-तिघींच्या गळ्यात तर ऑफिसचं आयकार्ड अजून लटकत होतं. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, कोणाला काही प्रश्न? तर मागच्या बाकावरून एक बाबा उठले. बाक दुसरीच्या मुलांचा, त्यात त्यांचे गुडघे अडकलेले, ते सोडवून सरळ उभं राहायलाच त्यांना जरा वेळ लागला. मग म्हणाले, मॅडम, पहिली ते चौथीची मुलं एकला सुटतात, आम्ही दोघंही सातच्या आत घरी पोचत नाही, तर शाळेतच सहा-साडेसहापर्यंत मुलांना थांबता येईल अशी काही सोय होईल का, वेगळी फी द्यायला आम्ही तयार आहोत. बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "ही शाळा आहे, पाळणाघर नाही." आणि टाळ्या पडल्या.

चांगल्या जोरात पडल्या.

बाईंच्या उत्तराचं मला फार काही वाटलं नाही, त्यांच्या खुर्चीत बसलेल्या कोणीही तेच म्हटलं असतं. डोक्यात राहिल्या त्या टाळ्या. आज्या-आजोबांनी वाजवल्या ते एक वेळ समजू शकते, पण माझ्या शेजारी बसलेलीने पण वाजवल्या, आणि तिची मुलगी माझ्या मुलाच्याच पाळणाघरात जाते, एकाच व्हॅनने. स्टेशनकडे चालता चालता मी तिला विचारलं तर म्हणाली, अगं सगळ्यांनीच वाजवल्या म्हणून. मग थोडं पुढे गेल्यावर, फडके रोडच्या गर्दीत, आपणहूनच म्हणाली की तो बाबा होता म्हणून एवढ्यावर सुटला, आपल्यापैकी कोणी विचारलं असतं ना तर "मग नोकरी कशाला करता" इथपर्यंत विषय गेला असता. मी काही बोलले नाही. ती म्हणत होती ते खरंच होतं, आणि नेमकं तेच मनात घोकत मी सभेत गप्प बसले होते.

आता हिशोबच मांडायचा तर अगदी सोपा आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं धरलंय, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. माझा दिवस दारातून बाहेर पडल्यापासून दारात परत येईपर्यंत अकरा तासांचा, आणि त्यातला ऑफिसचा वेळ जरी बाजूला काढला तरी डोंबिवली ते सीएसएमटी जाऊन-येऊन, फलाटावर दोन गाड्या सोडून तिसरीत कसंबसं लटकून, जे जातात ते तास कोणाच्याच खात्यात धरलेले नसतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने आदेश काढला की चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवायची नाही. मुलांची झोप होत नाही, हे कारण अगदी पटण्यासारखं, माझा मुलगा आधी सकाळच्या प्रार्थनेला उभ्या उभ्या पेंगायचा ते मला माहीत आहे. पण त्या आदेशाने आमच्याकडे काय झालं, तर मी बाहेर पडते सव्वाआठला आणि शाळा नऊला, मधला पाऊण तास नवऱ्याने आपल्या ऑफिसला उशिरा जायचं कबूल करून भरून काढला, आणि ज्यांच्याकडे असा नवरा नाही किंवा अशी नोकरी नाही त्या बायकांनी शेजारणीच्या हातापाया पडून. मुलांच्या झोपेबद्दल राज्यपालांपासून सगळे बोलले, हे चांगलंच झालं, फक्त आई किती वाजता निघते हे कोणाच्या मनात आलं नाही.

एक गोष्ट मला अलीकडे सारखी खटकते. आपल्याकडे मूल सांभाळण्याचे म्हणून जे काही कायदे आणि योजना आहेत ते सगळे सहाव्या वर्षाशी येऊन थांबतात. २०२५ पर्यंत लागू असलेला १९४८ चा कारखाने कायदा घ्या, तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर पाळणाघर हवं होतं, पण सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. सरकारची पाळणा योजना, जी आता अंगणवाडीतच पाळणाघर जोडून द्यायचं म्हणते, ती सहा महिने ते सहा वर्षं. २०१७ ला मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करायला सांगितली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायची मुभा दिली, वाचताना किती बरं वाटतं, पण मनात असतं ते अंगावर पिणारं बाळच. पहिलीत गेलेलं मूल म्हणजे जणू सुटलेलं मूल. आता त्याला शाळा आहे ना! आणि शाळा म्हणते आम्ही पाळणाघर नाही. ते सहा वर्षांचं मूल एक वाजता दप्तर पाठीला लावून गेटपाशी उभं, आणि पुढचे सहा तास त्याचं काय करायचं हा ज्याचा-त्याचा खासगी प्रश्न.

लोक म्हणतात आजी-आजोबा आहेत की. आहेत, पण त्यांना गुडघेही आहेत. सभेत टाळ्या वाजवणारे एक आजोबा रोज नातवाला आणायला येतात, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरतात आणि परत चढतात, गेटपाशी उभ्या उभ्या मला सांगत होते की आयुष्यभर नोकरी केली, वाटलं होतं रिटायर झाल्यावर नर्मदा परिक्रमा करू, आता परिक्रमा चालू आहे पण शाळेची. हसत हसत सांगत होते. आणि तरी टाळ्या वाजवल्याच त्यांनी! मला वाटतं त्यांना टाळ्यांतून म्हणायचं असेल की मूल कोणा परक्याने सांभाळायची गोष्टच नाही, ती घरचीच जबाबदारी. घर म्हणजे कोण, एवढं मात्र त्यांना विचारायला हवं होतं.

मी स्वतः पाळणाघरातच वाढले. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, बाबा कंपनीत शिफ्टला, आणि आमच्या चाळीच्या मागच्या बैठ्या घरात एक काकू मुलं सांभाळायच्या. पाळणाघर वगैरे पाटी नव्हती, "काकूंकडे" एवढंच. शाळा सुटली की रिक्षावाले काका तिथे सोडायचे. दारातच हिंगाच्या फोडणीचा वास यायचा, आत पंप मारायचा स्टोव्ह भरभरत असायचा आणि त्याच्या आवाजावर काकूंचा आवाज, हात-पाय धुतल्याशिवाय कोणी पाट घेऊ नका. रेशनच्या तांदळाचा जरा मऊ, जरा वास मारणारा भात, वर पातळ वरण, आणि ज्याच्या-त्याच्या डब्यातली भाजी. काकू सगळ्यांचे डबे उघडून बघायच्या आणि भेंडी कोणी टाकलीय ते त्यांना बरोबर कळायचं. जेवणं झाली की सतरंजी पसरून सक्तीची झोप. झोप कोणालाच यायची नाही, डोळे घट्ट मिटून पायाने शेजाऱ्याला ढकलायचं, आणि काकू मात्र भिंतीला टेकून खरंच घोरायच्या. मला आता वाटतं की त्यांच्या अख्ख्या दिवसातला तेवढाच वेळ त्यांचा होता.

तिथे मला कोणी काही शिकवलं नाही. चार ते सहा आम्ही अंगणात नुसते होतो. लगोरी, डबा ऐसपैस, पाऊस असेल तर आत बसून बदामसात, आणि दोन वर्षं मोठ्या एका मुलाकडून शिव्या. भांडण झालं तर काकू न्यायनिवाडा करायच्या नाहीत, दोघांना एकाच पाटावर बसवून लसूण सोलायला द्यायच्या. आता हे सगळं मी फार गोड करून सांगतेय याची मला कल्पना आहे, कारण त्याच अंगणात साडेसहाच्या पुढचा एक वेळ होता तो अजिबात गोड नव्हता. रेल्वेलाइन जवळ, गाडीचा आवाज यायचा, मग पाचेक मिनिटांनी रस्त्यावरून माणसांचा लोंढा, खांद्याला पर्स आणि हातात पिशव्या असलेल्या बायका, आणि त्यात आपली आई शोधायची. एकेक मूल जायला लागायचं. कोणाची तरी आई नेहमी पहिली यायची, त्या मुलीचा मला मनापासून राग होता. शेवटचं राहिलेलं मूल मी असले की काकू काही न बोलता मला ओट्यापाशी बोलवायच्या आणि भाजलेल्या शेंगदाण्यांची टरफलं काढायला द्यायच्या, म्हणजे माझं लक्ष दाराकडे जाऊ नये. आई यायची ती गाडीतच मटार सोलून घेऊन यायची. तिच्या पिशवीत सोललेल्या मटारचा आणि लोकलच्या डब्यातल्या घामाचा मिळून एक वास यायचा. मी तिच्याशी घरी जाईपर्यंत बोलायचे नाही. ती पण फार मनवायची नाही, दमलेली असायची.

तर प्रश्न असा की तो सगळा वेळ मी शाळेत काढला असता तर बरं झालं असतं का वाईट? मला खरंच दोन्ही वाटतं.

माझी मावशी कुर्ल्याच्या एका शाळेत शिक्षिका होती. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, मुंबईत ठिकठिकाणी मुलं शाळेतच अडकली, त्यातली एक तिची शाळा. दुपारी पाणी शाळेच्या आवारात आलं, मग तळमजल्यावर, मग यांनी मुलांना वरच्या मजल्यावर नेलं. फोन बंद, लाइट गेलेले. बाक जोडून त्यावर पोरं झोपवली, साड्यांचे पदर पांघरायला दिले, शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी कमरेएवढ्या पाण्यातून खिचडीचं पातेलं आणून दिलं. एका मुलीला रात्री आई हवी म्हणून रडू आवरेना, तिला मावशीने मांडीवर घेऊन सगळी रात्र पाढे म्हणून दाखवले, कारण घाबरल्यामुळे दुसरं काही आठवेचना. दुसऱ्या दिवशी पालक आले तेव्हा कोणी तिच्या पाया पडलं, कोणी नुसतंच मूल उचलून निघून गेलं. हा किस्सा आमच्या घरात दर पावसाळ्यात होतो.

म्हणून मला वाटलं होतं की मावशी तरी माझ्या बाजूने बोलेल. मी तिला सभेतलं सांगितलं. ती एकदम उसळली. म्हणाली, त्या एका रात्रीसाठी मला कोणी सांगायला लागलं नाही, पण रोजचं करायला सांगशील तर पगाराचं बोल, माणसांचं बोल, आणि आधी हे सांग की माझा मुलगा तेव्हा कुठे होता? तो होता तिच्या शेजारणीकडे, माळ्यावर बसलेला, हे मला माहीत होतं. शिक्षकांना कायद्यानेच जनगणना, निवडणूक आणि आपत्ती अशी कामं करावी लागतात, त्याच्या वर मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं, वाढत्या कागदांना अंत नाही, आणि आता तुम्ही म्हणणार सातपर्यंत पोरं पण बघा. "प्राथमिकला निम्म्याहून जास्त बायका आहेत," ती म्हणाली, "तुझं मूल सातपर्यंत सांभाळायला थांबलेल्या बाईचं मूल कोणाकडे असणार ते एकदा मला कागदावर काढून दाखव." मी गप्प. हे तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी सभेत एवढं जरी सांगितलं असतं तरी मला पटलं असतं, पण त्यांनी पाळणाघर हा शब्दच असा उच्चारला की जणू काही पायरी उतरायला सांगितलंय.

आणि ती पायरी कोणी ठरवली? ताराबाई मोडकांनी नव्हती ठरवली. १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई, त्यांच्याबरोबर अनुताई वाघ, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आदिवासी पाड्यावरच्या मुली शाळेत येत नाहीत याचं कारण त्यांच्या कडेवर असतं, धाकटं भावंड. आईबाप मजुरीवर, मग ते बाळ कोण बघणार. आता यावर एक उपाय असा होता की पालकांना बोलावून शिक्षणाचं महत्त्व समजावून सांगायचं. त्या दोघींनी त्याऐवजी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि त्याला विकासवाडी म्हटलं. मुलगी येताना बाळ घेऊनच येईल, बाळ इकडे, ती तिकडे. एवढं साधं. मराठी शिक्षणाच्या इतिहासात ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यांना शाळेच्या आवारात पाळणाघर आल्याने शाळेचा काही कमीपणा वाटला नाही, आणि आम्हा डोंबिवलीकरांना मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई आहेत, त्यांची मुलगी पालिकेच्या शाळेत तिसरीला. तिचा एक वाजल्यानंतरचा दिवस म्हणजे आईच्या मागे मागे घरं. आमच्याकडे येते तेव्हा ती बाल्कनीच्या दाराशी पाय दुमडून बसते, गृहपाठ करते, आणि काहीही विचारलं तरी नको म्हणते, चहा नको, बिस्किट नको, टीव्ही नको. प्रत्येक घरात कसं बसायचं, कुठल्या घरात पंखा लावलेला चालतो, कुठल्या घरात आतल्या खोलीत जायचं नाही, हे तिला सगळं पाठ आहे. माझ्या मुलासाठी मी महिन्याला पाच-सहा हजार मोजते आणि तरी कुरकुरते, ताईंपुढे तो पर्यायच नाही. म्हणजे जेव्हा आम्ही म्हणतो की "वेगळी फी द्यायला तयार आहोत", तेव्हा आम्ही आमच्यापुरतंच बोलत असतो. बांधकामाच्या साइटवरच्या मुलांसाठी मुंबईत १९७२ पासून मोबाइल क्रेशवाले काम करतायत, ऊसतोडीच्या मुलांसाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, जमेल तसं कोणी ना कोणी काही तरी केलंय. पण पालिकेच्या शाळेची ती एवढी मोठी इमारत, जिथे दुपारचं पोषण आहाराचं जेवण शिजून येतंच, तिथे त्या मुलीला अजून चार तास बसता का येऊ नये, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलेलं नाही.

भीती वाटते का, तर वाटते. आम्ही बदलापूरपासून फार लांब राहत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिथे शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींबरोबर जे झालं, लोक रुळावर उतरले, दिवसभर गाड्या बंद होत्या, त्या दिवशी लेडीज डब्याच्या ग्रुपवर जे मेसेज येत होते ते मी परत वाचू शकत नाही. त्यानंतर शाळेत कॅमेरे सक्तीचे केले. शाळेत जास्त वेळ ठेवा म्हटलं की आता पहिला विचार तोच येतो, आणि येणारच. पण ते शाळेच्या वेळेतच घडलं होतं. आणि २०१६ ला खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली ती कॅमेऱ्यासमोरच झाली. म्हणजे किती वाजता हा मुद्दाच नाही, मुलाजवळ कोण आहे, किती मुलांमागे किती माणसं आहेत, त्यांना पगार किती मिळतो आणि त्यांच्यावर लक्ष कोणाचं आहे, हा आहे. माझ्या मोबाइलवर पाळणाघराच्या कॅमेऱ्याचं अ‍ॅप आहे. मीटिंगमध्ये टेबलाखाली उघडून बघते. एका कोपऱ्यातून दिसणारी सतरंजी आणि त्यावरची पाच-सहा डोकी, त्यातलं आपलं कुठलं ते ओळखायचा प्रयत्न, तेवढ्यात स्क्रीन अडकते. त्याने जिवाला शांतता मिळते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मला दुसरी एक भीती आहे, ती बोलून दाखवली की लोक हसतात. शाळेच्या हातात मुलाचे चार तास जास्तीचे दिले तर शाळा त्यांचं काय करेल? शाळेला रिकामा वेळ बघवत नाही. पहिल्या महिन्यात खेळ, दुसऱ्या महिन्यात अबॅकस, तिसऱ्या महिन्यात वैदिक गणित, आणि दिवाळीनंतर स्कॉलरशिपचा जादा तास. वर पालकच म्हणणार, एवढे पैसे देतोय तर काहीतरी शिकवा ना. आत्ताच्या आमच्या पाळणाघरातही हा दबाव आहेच, एक आई काकूंना म्हणाली की पाच ते सहा मुलं नुसतीच लोळत असतात. माझा मुलगा तिथे डायनिंग टेबलाखाली आडवा पडून टेबलाच्या खालच्या लाकडावर खडूने काहीतरी काढत असतो, बरेच दिवस चाललंय, काकूंनी पुसलेलं नाही. शाळेत टेबलाखाली कोणी पडू देईल का?

आणि तिसरी भीती ऑफिसची. स्टुटगार्टला माझी एक मैत्रीण असते, पुण्याची. तिच्याकडून कळलं की जर्मनीने २०२१ मध्ये कायदाच केलाय, ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला दिवसाचे आठ तास, आठवड्याचे पाच दिवस, शाळेचा वेळ धरून, सांभाळ मिळायचा हक्क, आणि दर वर्षी एकेक इयत्ता वाढवत चौथीपर्यंत. मी म्हटलं, बघ, सुटला प्रश्न. ती म्हणाली कुठला सुटतो, कायदा आहे पण सांभाळायला माणसं कमी आहेत. मग म्हणाली, पण एक आहे, इथे चार वाजता मूल आणायला जायचंय म्हटलं की बॉस उठून वाट देतो. आमच्याकडे उलटं होईल याची मला जवळजवळ खात्री आहे. आत्ता मी साडेपाचला उठते कारण सातला पाळणाघर बंद होतं, हे सगळ्या टीमला माहीत आहे, थोडं नाक मुरडतात पण सोडतात. उद्या शाळा आठपर्यंत चालू आहे असं कळलं की सहाला एक कॉल लागेल. छोटाच असेल, पंधरा मिनिटांचा. त्या मधल्या वेळेला कुंपण म्हणून आज फक्त काकूंचं घड्याळ आहे.

तरीही मला विचाराल तर मी हो म्हणेन. शाळेने सोय करावी. फक्त शिक्षकांना त्यात ओढू नये, त्याला अभ्यासक्रम नसावा, आणि जागा शाळेची असली तरी माणसं ती असावीत जी हे काम आधीपासून करतायत. दुपारची पाळी असते म्हणून वर्ग रिकामे नसतात हे खरं, एकनंतर मोठ्या मुलांची शाळा भरते, पण तळमजल्यावरच्या बालवाडीच्या खोल्या बारानंतर कुलुपात असतात, त्यांना लागून छोटं अंगण आहे, मुलांच्या उंचीचे नळ आहेत, सगळं आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही लिहिलंय की शाळेच्या वेळेनंतर इमारत समाजाच्या उपयोगात आणता येईल. मग आणा.

हे सगळं मी आमच्या पाळणाघराच्या काकूंना सांगितलं, मुलाला आणायला गेले होते तेव्हा. त्यांचा स्वतःचाही प्रश्न आहेच, तळमजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, सोसायटी आवाजाबद्दल नोटिसा देते, मेंटेनन्स जादा लावलाय. मला वाटलं खूश होतील. त्या पोळ्यांचं पीठ मळत होत्या, मळता मळताच विचारायला लागल्या. गॅस ठेवू देतील का, का डब्यातलं थंडच घालायचं पोरांना? किल्ली माझ्याकडे राहणार का, का रोज शिपायाच्या मागे फिरायचं? संडास कोण धुणार? दहा मुलांमागे एक बाई, त्याच्या वर एक पोर घेणार नाही, मग ट्रस्टींच्या ओळखीचं असो नाहीतर नगरसेवकाच्या. पालिकेच्या शाळेत केलंत तर ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांचे पैसे कोण देणार, मला फुकट करायला सांगू नका, मी आयुष्यभर निम्म्या पैशातच केलंय. आणि मे महिन्यात काय? शाळेला कुलूप, तुमची ऑफिसं चालू, तेव्हा पोरं माझ्याकडेच येणार ना, म्हणजे हा फ्लॅट मला सोडता येणारच नाही. मी म्हटलं थांबा, लिहून घेते, आणि मोबाइल काढला. तर म्हणाल्या, मोबाइलमध्ये नको, कागदावर लिही, आणि खाली सही कोणाची घ्यायची ते आधी ठरव.